थांबायला न शिकलेला तबलजी

सदाशिव पेठ, पुणे
गुरुपौर्णिमेनंतरचा बुधवार

श्री. सीतारामपंत यांस,

गोपाळकृष्णाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकली, उरलेली आपण मनानं टेकवून घ्यावीत.) आपली साखर, शकूताईंची कंबर आणि मिरजेचं पाणी ही तिन्ही वेळेवर आणि बेतात असावीत अशी आशा आहे. इकडे कुसुम ठणठणीत आहे. माझी प्रकृती, तिच्या मते, मी सांगतो तेवढी वाईट नाही. फोन सोडून पत्र कशाला, असं आपल्याला वाटेल. फोनवर आपण 'बरं' म्हणता आणि ठेवून देता, आणि हा मजकूर एका 'बरं'मध्ये मावणारा नाही. शिवाय परवाच्या प्रकाराची हकीकत कुसुमकडून शकूताईंकडे पोचलीच असेल. धाकट्या बहिणीनं थोरल्या बहिणीला सांगितलेली नवऱ्याची गोष्ट किती निःपक्षपाती असते हे आपण दोघे साडू अनुभवानं जाणतो. तेव्हा माझी बाजू ऐकावी.

कुसुम तीन वर्षांपासून शनिवार पेठेतल्या कादंबरीताईंकडे गाणं शिकते (ताईंचं वय आमच्या अस्मिताएवढं, दरारा मुख्याध्यापकांएवढा). गुरुपौर्णिमेला प्रत्येक शिष्यानं चारचौघांत गायचं असा तिथला रिवाज. पहिल्या वर्षी कुसुमचा घसा बसला. दुसऱ्या वर्षीही घसाच बसला. खरं कारण असं की तिला कोणासमोर आवाजच फुटत नाही. घरीसुद्धा ती स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा लावून गायची, म्हणजे आम्हाला ऐकू यायला नको. यंदा कादंबरीताईंनी तिला महिनाभर आधीच सांगितलं, "काकू, या वर्षी घसा बसला तर मी डॉक्टर घेऊन घरी येईन." पुण्यात याला प्रेमळ आग्रह म्हणतात.

भूपातली एक छोटी बंदिश ठरली, मध्यलय, तीनताल. तबल्याला मोबाईलमधलं एक अॅप. ते फुकट असल्यामुळे ऐन समेच्या तोंडावर एक बाई येऊन विचारायची की तुम्हाला घरासाठी कर्ज हवंय का. कुसुम दचकायची आणि मग दिवसभर गायची नाही. आमचे जावई केयूरराव (हिंजवडीला मोठ्या हुद्द्यावर आहेत) म्हणाले, "बाबा, सबस्क्रिप्शन घेऊन टाका ना." मी म्हणालो, घरात स्वतःचा संगणक असताना तबला भाड्यानं आणायचा?

तो संगणक आपण पाहिलेला आहे. काळा, रबरी बटणांचा, टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून प्रोग्रॅम चढवायचा. कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो तेव्हाचा. (त्यावर मी आपली पत्रिका काढून दिली होती आणि आपण ती परत केली होती.) त्याला बेसिक नावाची सोपी भाषा येते. मी एका बैठकीत सोळा मात्रांचा ठेका लिहून काढला आणि कुसुमला ऐकवला. ती ऐकून म्हणाली, "तबलजी दम्याचा आहे का हो?" तिचं बरोबर होतं. सोळावी मात्रा संपली की समेवर यायच्या आधी यंत्र किंचित थबकायचं, जिना चढून आल्यासारखं. त्याचं कारण असं की बेसिक म्हणजे लग्नाच्या बैठकीतला मध्यस्थ. आपण एक वाक्य बोलायचं, त्यानं ते पलीकडे समजावून सांगायचं, मग पुढचं वाक्य. तेच वाक्य शंभरदा बोललं तरी तो शंभरदा नव्यानं समजावणार. आवर्तन संपून पुन्हा वरच्या ओळीवर जायचं म्हटलं की हा गृहस्थ ती ओळ पहिल्यापासून शोधत येणार. अशानं लग्नं जमतात, सम जमत नाही.

यावर उपाय म्हणजे मध्यस्थाला बाजूला बसवून यंत्राशी त्याच्या मातृभाषेत बोलायचं. तिला असेंब्ली म्हणतात. तिच्यात प्रत्येक हुकमाचा एक आकडा असतो, आणि हे आकडे ओळीनं मांडले की यंत्र ते कोणाला न विचारता करत सुटतं. सगळाच प्रोग्रॅम तसा लिहायला मी काही तरुण नाही. तेव्हा लय विचारणं, पडद्यावर मात्रा दाखवणं ही वरकामं बेसिककडे ठेवली, आणि प्रत्यक्ष वाजवणं असेंब्लीत लिहून बेसिकच्या पोटात बसवलं. बसवण्याची जागाही मजेशीर आहे. बेसिकमध्ये ओळीच्या सुरुवातीला 'रेम' लिहिलं की पुढचा मजकूर माणसांसाठी केलेली टीप आहे असं समजून यंत्र तो वाचतच नाही. मग पहिल्याच ओळीत 'रेम' लिहायचं, त्यापुढे आपले आकडे दडवायचे, आणि खाली सांगायचं की मेमरीतल्या अमुक घरापासून पुढे जे आहे तसं वाज, एक आवर्तन झालं की परत ये. पडद्यावर ती ओळ प्रश्नचिन्हं आणि मोडक्या शब्दांचा उकिरडा दिसते, पण सगळा जीव तिच्यात असतो.

तबला वाजला. अगदी तबल्यासारखा वाजला असं मी म्हणणार नाही. 'धा' कुकरच्या झाकणावर पळी आपटल्यासारखा आणि 'तिन्' स्टीलच्या वाटीसारखा. वरच्या मजल्यावरचे रंगनाथ जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "मिक्सरात चमचा राहिलाय वाटतं तुमच्या. तालात आहे मात्र." पण लय दगडावरची रेघ. कुसुम डोळे मिटून ऐकत राहिली आणि म्हणाली, "सम चुकत नाही. आवाजाचं काय, माझाही असाच आहे." दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्याबरोबर रियाजाला बसू लागली. आणि आठवडाभरानं माझ्या लक्षात आलं की स्वयंपाकघरातला पंखा बंद आहे. (मी काही बोललो नाही. बोललो असतो तर तिनं तो पुन्हा लावला असता.)

आता केयूररावांचा प्रवेश. गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवशी अस्मिता आणि ते मुक्कामाला आले. यंत्र पाहून त्यांना इतका आनंद झाला की मी त्यांना बटणं दाखवून दिली आणि भाजी आणायला गेलो. परत आलो तर माणूस प्रसन्न चेहऱ्यानं बसलेला. "बाबा, छान लिहिलंय तुम्ही. फक्त पहिल्या लाईनमध्ये सगळं गार्बेज होतं. कमेंटच होती, म्हणून उडवली. आता क्लीन आहे." मी पिशवी खाली ठेवली. "आणि सेव्हपण केलं, त्याच कॅसेटवर." मी प्रोग्रॅम चालवून पाहिला. बेसिकनं नेहमीप्रमाणे तबलजीच्या घराचं दार ठोठावलं, आत तबलजी नव्हता, पडद्यावर रंगीत पट्टे आले आणि यंत्र मूर्च्छित पडलं. सीतारामपंत, मुलगा असता तर मी बोललो असतो. विद्यार्थी असता तर वर्गाबाहेर काढला असता. पण जावई! जावयाला आमच्याकडे ओरडत नाहीत, फार तर चहा उशिरा देतात. मी म्हणालो, "हरकत नाही, केयूरराव. ती ओळ म्हणजेच तबला होता." त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच त्यांना लवकर चहा द्यावा लागला. कुसुम दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "जाऊ दे हो. माझाही घसा जरा बसल्यासारखा वाटतोय." तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती, आणि त्या सुटकेखाली दुसरंही काही दिसत होतं. ते पाहून मी ठरवलं की तबला उद्या वाजणारच.

आकडे दिनदर्शिकेच्या जुन्या पानांमागे लिहिलेले होते. सकाळी मी टंकायला बसलो आणि केयूरराव प्रायश्चित्त म्हणून वाचून दाखवायला बसले. त्यांचं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं आणि माझे आकडे मराठीतले. सुरुवातीला ते एकेक अंक सुटा सांगत होते, "आठ, नऊ. एक, दोन, शून्य." मग त्यांचा आत्मविश्वास वाढला आणि ते सबंध आकडे म्हणू लागले. मराठीतले एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे आकडे म्हणजे पुण्यातल्या गल्ल्या आहेत. माहीतगारच सुखरूप बाहेर पडतो. कुठल्या तरी एकोणनव्वदला ते एकोणऐंशी म्हणाले, आणि मी विश्वासानं तसंच टंकलं. हे अर्थात नंतर कळलं. सगळं चढवून झालं, कॅसेटवर उतरवून झालं, चालवलं, ठेका सुरू झाला, केयूररावांनी टाळी वाजवली, आणि तेवढ्यात खालून अस्मिता ओरडली, "बाबा, रिक्षा थांबलीय!" आम्ही वायरी उपटल्या आणि निघालो. वाजतंय हे पाहिलं. थांबतंय का, हे कोण पाहतो? (रिक्षावाल्यानं टीव्ही, टेपरेकॉर्डर आणि संगणक पाहून विचारलं, "काका, जुन्या बाजारात घ्यायची ना?")

कादंबरीताईंच्या दिवाणखान्यात सतरंजीवर माणसं दाटीवाटीनं बसली होती. कुसुमच्या डाव्या हाताला पाटावर यंत्र मांडलं. गाणं संपलं की तिनं मोठं बटण दाबायचं, चालू असलेलं आवर्तन पुरं करून तबला आपोआप थांबणार, अशी योजना. वायर हलून यंत्र मध्येच बंद पडू नये म्हणून मागचा जोड मी चिकटपट्टीनं करकचून बांधून टाकला होता. कॅसेट लावली तेव्हा नेहमीचा किर्रर्र घुर्रर्र आवाज झाला आणि पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी शेजारच्यांना विचारलं, "हा कोणता राग?" मग ठेका सुरू झाला. मी मागे पुरुषांच्या रांगेत जाऊन बसलो.

कुसुमनं पहिली ओळ इतक्या हळू म्हटली की तानपुऱ्यावरच्या मुलीनं वाकून तिच्याकडे पाहिलं. स्थायी झाली, अंतरा झाला, आवाज थोडा वर आला. ठरलेल्या चार ताना झाल्या. तिहाई घेऊन ती समेवर आली, बटण दाबलं आणि नमस्काराला हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तबला चालूच. तिनं पुन्हा बटण दाबलं. तबला चालूच. तो एक आकडा चुकल्यामुळे 'परत ये' हा हुकूम गाठण्याआधीच यंत्र मागे वळून नवं आवर्तन सुरू करत होतं, आणि बेसिक बिचारं दारात ताटकळत होतं. बेसिक चालू असताना त्याला मध्येच तोडणारं एक बटण असतं, पण असेंब्लीत शिरलेलं यंत्र त्या बटणाकडे ढुंकूनही पाहत नाही. टाळ्या थांबल्या. कोणीतरी हसलं. कुसुमनं माझ्याकडे पाहिलं, मी केयूररावांकडे पाहिलं, केयूररावांनी छताकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही उठणार आणि पुन्हा जन्मात गाणार नाही.

ती उठली नाही. तिनं पदर खोचला आणि स्थायी पुन्हा धरली, पण ही वेगळीच बाई होती. आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. ती चिडली होती, माझ्यावर, यंत्रावर, कदाचित तिन्ही वर्षांवर, आणि चिडलेल्या माणसाला लाज वाटायला सवड नसते. क्लासात कधी न घेतलेल्या ताना तिनं घेतल्या. एक फसली तर तिकडे दुर्लक्ष करून दुसरी घेतली. कादंबरीताई हातानं ताल देऊ लागल्या, मग पुढची रांग, मग सगळेच. इकडे मी भिंतीकडे निघालो होतो. कोणाचा तरी पाय तुडवला, एका बाईंच्या पर्सवर बसलो, "अहो, नाटकाला आलात का?" असं ऐकून घेतलं, आणि रांगत पॅसेजपर्यंत पोचून प्लग हातात धरला. पण मी घाई केली नाही. कुसुमची तिहाई ऐकत थांबलो, आणि ती समेवर आली त्याच क्षणी प्लग खेचला. तबला थांबला. अशी सम मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. टाळ्यांनी खोली भरून गेली. कादंबरीताई डोळे पुसत म्हणाल्या, "काकू, एवढा आवाज तीन वर्षं कुठे ठेवला होता?" त्या टाळ्यांतल्या काही माझ्याही होत्या असं मी म्हणणार नाही, पण आपण तसं समजलात तर माझी हरकत नाही.

शकूताईंना नमस्कार सांगावा.

आपला साडू,
गोपाळकृष्ण

ता. क. – हे पत्र काही त्यासाठी लिहिलेलं नाही, पण ओघात आठवलं म्हणून सांगतो. कोजागिरीला कादंबरीताईंनी कुसुमला पुरा अर्धा तास गायला सांगितलंय, आणि तिनं चक्क हो म्हटलंय. यंत्राला प्रवेश नाही असंही त्यांनी सांगितलंय (माझ्याकडे पाहून). आपण तबला-डग्गा माळ्यावर टाकलात आणि 'आता कोणाला साथ करायची' असं म्हणता, असं शकूताईंकडून कळलं. खाली काढावेत, पुसावेत, आणि आठ दिवस आधीच यावं. रियाज लागेल. तिला नव्हे, आपल्याला.

दुसरा ता. क. – केयूरराव आता रोज रात्री फोनवर मराठी आकडे शिकतात. एकोणपन्नासपर्यंत पोचले आहेत.

तिसरा ता. क. (कुसुमच्या हातचा) – भाऊजी, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून वाचलं. यांनी पॅसेजमध्ये जो प्लग ओढला तो कादंबरीताईंच्या फ्रीजचा होता. दुसऱ्या दिवशी दुधाचं काय झालं ते त्यांनी मला सांगितलंय; यांना कळवू नका, फार खूश आहेत. यंत्र ज्या विजेच्या बोर्डाला जोडलं होतं त्याचं बटण पहिल्यापासून माझ्या गुडघ्याशी होतं. समेवर आले तेव्हा मीच ते गुडघ्यानं दाबलं. मग आधीच का नाही दाबलंस, असं शकूताई विचारत होती. थांबावंसंच वाटेना, तिला सांगा. कोजागिरीला नक्की या. आणि मी घाबरून तुमच्याकडे पाहिलं तरी थांबू नका. गुडघा हलवीन तेव्हा थांबा.