समोरून शिकवलेली पकड

१२ जुलै

चि. सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या मागोमाग माझा संताप. वि. वि. पुढचं सगळं विशेषच आहे, तेव्हा बसून वाच.

आज तुझ्या भिंगरीला भेटायला क्रीडा वसतिगृहात गेलो. हॉलच्या दारात पाऊल टाकलं आणि तिथेच खिळलो. पोरीच्या उजव्या हातात रॅकेट! पाच वर्षांची असल्यापासून जी मुलगी गच्चीवर माझ्यासमोर डाव्या हाताने बॅडमिंटन खेळत आली, तिचा हात या प्रशिक्षकाने बदलून टाकला. मला न विचारता, न सांगता. डावखुऱ्या मुलांच्या बोटांवर पट्ट्या मारून त्यांना ‘सरळ’ करण्याचा इतिहास मी वाचलेला आहे. तो माझ्याच भाचीवर घडताना पाहीन असं वाटलं नव्हतं.

मी गप्प बसलो असेन असं तुला वाटत नसेलच. पालक जमलेले होते, मी बाकावर चढलो. सांगितलं की रॅकेट धरायची म्हणजे सोटा धरायचा नाही. मुठीशी हस्तांदोलन करावं तसा हात पुढे न्यायचा, अंगठा आणि तर्जनी यांच्यात बेचकी राहू द्यायची, आणि पकड अशी सैल की हातात ओल्या साबणाची वडी आहे. आवळायची ती फक्त फटक्याच्या क्षणी. पण हस्तांदोलनाला कोणता हात पुढे करायचा हे निसर्ग ठरवतो, पगारी माणूस नाही!

टाळ्या पडल्या. प्रशिक्षक भिंगरीकडे बघत राहिला, भिंगरी बुटांकडे. तिला बाजूला नेऊन काहीतरी बोलला आणि परत येऊन म्हणाला की बरं, खेळू दे डाव्याने.

शनिवारी संघनिवडीचा सामना आहे. निश्चिंत राहा, मी पहिल्या रांगेत असेन.

लोभ आहेच, आज जरा तापलेला आहे.

तुझा दादा

१५ जुलै

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचताना हातातली कात्री खाली पडली. शिवणाच्या दुकानातल्या सगळ्या मशिनी थांबल्या.

दादा, भिंगरी डावखुरी नाही. जेवते उजव्याने, लिहिते उजव्याने, भावाच्या पाठीत धपाटा घालते तोही उजव्याने. सुट्टीत माझ्या शेजारी बसून कापड कापते. माझी कात्री उजव्या हाताची, डावखुऱ्याच्या हातात ती कापड नुसतं चघळते. तू किती वेळा तिच्यासमोर बसून जेवलास. जगातले सगळे अन्याय तुला लांबून दिसतात, समोरच्या ताटातला हात दिसला नाही?

मग गच्चीवर ती डाव्याने का खेळायची, याचा विचार केला आणि सगळं उलगडलं. तू तिच्यासमोर उभा राहून म्हणायचास की मी करतो तसं कर. तुझ्या उजव्या हातासमोर तिचा कोणता हात येतो, सांग बरं. आरशात बघावं तसं पोरीने केलं. तिला वाटलं, हा खेळ असाच असतो. आणि तू इतका खूश व्हायचास की पुढेही तुझ्याबरोबर ती तशीच खेळत राहिली.

सरांनी तिला लिहिताना पाहिलं आणि ओळखलं. वर्षभर घासून उजवा हात तयार केला, तोही मला कळवून. तुला सांगायचं राहिलं, कारण तुला काही सांगायचं म्हणजे आधी तुझं ऐकावं लागतं.

पत्र मिळताक्षणी सरांकडे जा. भाषण नको. पोरीला संघात जायचंय, दुसरं काही तिने आजवर मागितलेलं नाही.

लोभ आहे, पण सध्या रागाखाली दबलाय.

तुझी धाकटी

२० जुलै

ती. आईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मामाला शनिवारी सकाळी मिळालं, तोवर मी कोर्टावर उतरले होते. डाव्या हाताने.

रागावू नकोस. सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं. मीच म्हटलं की मामा चार लोकांत माझ्यासाठी बोललाय, त्याचा शब्द खाली पाडू नका. सर म्हणाले की संघातली जागा जाईल. मला वाटलं, जमेल.

नाही जमलं. पहिला गेम वाईट हरले. मान वर केली तर मामा दारातून धावत आला, हातात तुझं पत्र, चेहरा चुन्यासारखा पांढरा. आता हा बाकावर चढणार म्हणून मी डोळेच मिटले. पण आवाज आला नाही. बघते तर मामा माझ्या अगदी समोर, जाळीच्या पलीकडच्या रांगेत उभा, आणि हस्तांदोलनाला करावा तसा त्याने हात पुढे केलेला. डावा हात. समोरून बघताना तो माझ्या उजव्याच्या बाजूला येत होता.

पंचांनी त्याला डोळे वटारून खाली बसवलं. मी रॅकेट उजव्या हातात घेतली. दुसरा गेम जिंकले. तिसरा अगदी थोडक्यात गेला. यादी लागली, त्यात माझं नाव नाही. मी रडले, पण मामाच्या आधी थांबले.

पुढच्या निवडीपर्यंत सर रोज पहाटे एक तास जादा घेणार आहेत. मामाला मी माफ केलंय. तूही कर.

माया कर, आणि माझ्या वाटणीची थोडी त्यालाही दे.

तुझी भिंगरी

२७ जुलै

चि. सौ. धाकटीस,

आशीर्वाद. वि. वि. थोडकंच आहे, कारण माझ्याजवळ शब्द उरलेले नाहीत. ही बातमी तू जपून ठेव.

प्रशिक्षकाकडे जाऊन आलो. त्याच पालकांसमोर उभा राहिलो, बाकावर न चढता, आणि चूक माझी होती एवढंच म्हणालो. टाळ्या पडल्या नाहीत.

काल भिंगरी माझ्याकडे आली. मला गच्चीवर नेऊन म्हणाली की रॅकेट धरून दाखव. मी धरली. तिने एकेक करून माझी बोटं उलगडली. इतकी वर्षं मी सोटाच धरत होतो, धाकटे! सगळं पाठ होतं, हाताला ठाऊक नव्हतं. मग नीट बघायला म्हणून मी सवयीने तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तिने मला दंडाला धरून बाजूला ओढलं.

“समोर नको, मामा. शेजारी उभा राहा.”

उभा आहे. लोभ आहे, आणि आता पकड सैल आहे.

तुझा दादा