टायरची मधली पट्टी

१४ नोव्हेंबर २००६, मंगळवार. तेल्हारा.

पिकअपचे मागचे टायर मधोमधच का झिजतात? कडा नव्यासारख्या, मधली पट्टी मात्र गुळगुळीत. आठवडाभर हेच डोक्यात. टायरच खराब निघाले, असं मी धरून चाललो होतो.

आज कापूस घेऊन जाताना पंक्चरवाल्या रहीमचाचांनी टायरवर खडूची आडवी रेघ मारली आणि गाडी जरा सरळ रस्त्यानं फिरवून आणायला लावली. आल्यावर पाहतो तर खडू फक्त मधलाच पुसलेला.

"किती हवा भरून राहिला तू?"

"साठ. कापसाच्या हंगामात नेहमीच साठ."

"अन् कापूस किती भरून राहिला?"

मी वळून मागच्या हौद्याकडे पाहिलं.

"वजन कमी अन् हवा जास्त, मंग टायर मधातच टेकते."

चाचा हवा थोडी थोडी सोडत गेले, दर वेळी नवी रेघ, नवी फेरी. बेचाळीसवर खडू या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखा पुसला. इतकं सोपं होतं?

तरी ती मधली पट्टी डोळ्यांपुढून जात नाही. दोन सालांपासून आमचा कापूसच इतका कमी निघतो की पिकअप सरकी काढायच्या जिनिंगला अर्धीच भरून जाते. हवा मात्र मी अजून चांगल्या सालाचीच भरत होतो.