भिंतीवरचे कोरे हात

४ नोव्हेंबर
दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या मासिकात लेख वाचला. गुहेतली माणसं तोंडात रंग धरायची, भिंतीवर हात टेकवायची आणि त्यावर फुंकायची. हात काढला की कोरा पंजा उरायचा. लेखक म्हणतो, अशा कामांनीच टोळी एकत्र राहिली.
आमची टोळी म्हणजे खाली मी आणि ही, वर वहिनी. दादा गेल्यापासून वहिनी घरातला जिना सोडून बाहेरच्या जिन्याने ये-जा करतात. माझ्याशी बोलत नाहीत. दादाच्या शेवटच्या आठवड्यात मला हॉस्पिटलात जायला जमलं नाही. ऑडिट होतं. खरंच होतं.
संकल्प: हॉलच्या भिंतीवर सगळ्या घराचे हात. महिनाअखेर वहिनी खाली चहाला.

८ नोव्हेंबर
गेरू आणला. पहिली फुंकर पडद्यावर. दुसरी माझ्या शर्टावर. तिसरी जमली. दात तांबडे झालेत. ही म्हणाली, "उद्या ऑफिसात तोंड उघडू नका." हिने हात द्यायला नकार दिला. तिला सामूहिक जीवनाची जाण कमी.

१० नोव्हेंबर
वहिनींना निरोप पाठवला. उत्तर नाही. याचा अर्थ विचार चालू आहे.
तोवर वातावरण तयार व्हावं म्हणून माझेच आणखी हात उठवले. कायम डावा.

१५ नोव्हेंबर
भिंत भरत आली. लांबून बघितलं तर पलीकडे माणसं उभी राहून हात टेकवताहेत असं वाटतं. आत यायचंय त्यांना. अर्थात, कला परिणामकारक असली की असं होतंच.
खुर्ची वळवून भिंतीकडे पाठ केली. मग पाठीला कसंतरी व्हायला लागलं. परत वळवली.

१९ नोव्हेंबर
ऑफिसातून आलो तर खालच्या कोपऱ्यात एक नवा पंजा. उजवा. मी उठवलेला नाही.
हिला दाखवला. हसली. म्हणाली, "नीट बघा."
नीट बघितला. दादाचा आहे. तीच लांब बोटं, तोच रुंद तळवा. ही म्हणाली, लहान आहे की हो पंजा. भिंतीवर आकार फसवतो, हे तिला कुठलं माहीत असायला.
मी घाबरलेलो नाही. जेवण मात्र गेलं नाही.

२२ नोव्हेंबर
ही बहिणीकडे गेली आहे. घरात मी आणि ते सगळे.
त्या पंजावर माझा हात ठेवून बघितला. भिंत गार होती. दादाला म्हटलं, ऑडिट होतं रे. वर वहिनींची पावलं वाजली आणि थांबली.

२३ नोव्हेंबर
सगळी भिंत पांढरी करून टाकली. भीतीने नव्हे. प्रयोग पूर्ण झाला होता. त्या कोपऱ्यावर तीन हात मारले.

२७ नोव्हेंबर
ही आली. दारातच पिशवी खाली ठेवून भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, तो हात वहिनींचा होता. त्या दुपारी आतल्या जिन्याचं दार उघडून स्वतःहून आल्या होत्या. गेरूने ठसका लागला, दोघी खूप हसल्या. जाताना म्हणाल्या, "भाऊजींना सांगू नकोस. बघू, ओळखतात का."
मी म्हटलं, संशय मला होताच.

२८ नोव्हेंबर
सुरीने रंग खरवडला. प्लास्टरचा ढलपा निघाला. हात मिळाला नाही.
ही म्हणाली, सकाळी वहिनी आल्या होत्या. भिंत बघितली आणि वर गेल्या.
समजावून सांगितलं की प्रश्न मिटेल. आतला जिना चढलो. दार उघडेना. पलीकडून कडी लागली आहे.
वाऱ्याने लागली असेल.