झोपडी नव्हे, माळवदाचं घर

माय, तुला जाऊन आता जमाना झाला, पण वालूरच्या शिवारावरून गेलेल्या त्या तारा दिसल्या की आजही माझं डोकं फिरतं. गावाबाहेर, मेंढवाड्याला लागून आपलं घर होतं. तू आणि आबांनी मिळून बांधलेलं. दगडी जोतं, हातभर रुंद मातीच्या भिंती, वर सागाच्या तुळयांचं माळवद. आबा गेल्यावर दर उन्हाळ्यात त्यावर पांढरी माती तू एकटीच टाकायचीस. हैदराबाद राज्य मोडून आपला मुलूख मुंबई राज्यात गेला, त्यानंतर विजेची लाईन नेणारे आले. त्यांनी चुन्याची रेघ मारली ती नेमकी आपल्या चुलीवरून. तारेखाली राहता येत नाही, घर पाडावं लागेल, भरपाई मिळेल, म्हणाले. तू त्यावर भांडली नाहीस. "सरकार आपलं हाय, उठा म्हणलं तर उठू," म्हणालीस. भांडण लागलं ते एका शब्दावरून.

पंचनाम्याला आलेला कारकून बाभळीखाली खुर्ची टाकून बसलाय. घरात त्यानं पाऊलही टाकलेलं नाही. तू विचारतेस, "काय लिवायलाव सायेब?" तो म्हणतो, "झोपडी, एक." मेंढरांमागची काठी हातात तशीच धरून तू त्याच्यापुढं उभी राहतेस. "वाऱ्यानं उडती ती झोपडी. ह्ये माळवद हाय. वर चढून बघा." तो हसतो. "बाई, कागदावर काय लिहिलं त्यानं काय फरक पडतो?"

"पडत न्हाई, तर मग घर लिवा की!"

फरक पडत होता, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. घराच्या बदल्यात घर बांधून द्यावं लागत होतं. झोपडीला गावाच्या टोकाचा बरड माळ आणि गवत-बांबूची किंमत मिळाली की झालं! तू अंगठा दिला नाहीस. आबांच्या नावाची घरपट्टीची उर्दूतली जुनी पावती पदराच्या गाठीला बांधून पाथरीच्या कचेरीत चकरा मारल्यास. "हा निजामाच्या वेळचा कागद, आता चालत नाही," तिथले साहेब म्हणाले. "राज्य बदललं, भिंती त्याच हायेत न्हवं?" तू विचारलंस. त्यांनी तुला दिवसभर बाहेर उन्हात बसवून ठेवलं. तू तिथं बसलेली असतानाच इकडं मजुरांनी घर पाडलं. आता ते घर होतं की झोपडी, हे बघायला जागेवर काही उरलंच नाही. किती सोपं केलं होतं त्यांनी!

मग साहेबांनी मला बोलावलं. मी पाथरीच्या शाळेत नुकताच मास्तर लागलो होतो. "सरकारी नोकर आहात, आईला समजवा. नवा कागद केलाय," ते म्हणाले. चहा पाजला. त्या चहातली धमकी मला बरोबर कळली.

तू लिंबाखाली उघड्यावर चूल मांडून होतीस. आभाळ भरून आलेलं, मेंढरं अंग चोरून उभी. मी कागद काढला. "वाच," तू म्हणालीस, "घर लिवलंय का?"

मी वाचलं, "दगडी जोत्याचं, माळवदाचं घर."

कागदावर झोपडीच होती, माय.

"बग, लिवलं का न्हाई!" म्हणत तू अंगठा उठवलास. पुढं बाजारात, लग्नाकार्यात तू सांगत राहिलीस, "म्या सरकारला घर लिवाय लावलं." बरडावरच्या कुडाच्या खोपटात राहून सांगत राहिलीस. शिवारावरच्या तारांमधून वीज शहराकडं जात होती आणि तू चिमणीच्या उजेडात भाकरी थापत होतीस. अधूनमधून विचारायचीस, "घर कवा बांधून देणार रं?" मी म्हणायचो, "अर्ज केलाय." मी एकही अर्ज केला नाही. केला असता तर कुणीतरी तू अंगठा दिलेला तो कागद काढला असता आणि तुझ्यासमोर वाचला असता.

त्या साहेबांचा, त्या कारकुनाचा राग अजून गेलेला नाही, जाणारही नाही. त्यांनी तुझं घर एका शब्दात पाडलं. पण हे पत्र तू असतानाच लिहायला हवं होतं. तुला वाचता येत नव्हतं, ते मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, म्हणून लिहिलं नाही.