मी नाही, असं धरून

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय एकाहत्तर, विधवा, धंदा क्रेनचे नकाशे काढणे व दुसऱ्यांनी काढलेले तपासणे, आज माझ्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणीही डोक्यावर बसलेलं नसताना, माझे मृत्युपत्र करून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोळे ठिकाणावर नाहीत, म्हणून मी सांगते आहे आणि वकीलबाई लिहून घेत आहेत. बोलेन तसंच लिहायचं, गुळगुळीत करायचं नाही, असं त्यांना बजावलं आहे. त्यांनी मधूनमधून ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ घातलं तर माझी हरकत नाही.

कलम १. यापूर्वी केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी आमचे हे, म्हणजे माझे यजमान, गेल्यावर रागाच्या भरात केलं होतं आणि त्यात माझ्या दिराला फक्त शिव्या ठेवल्या होत्या. शिव्यांची वाटणी कायद्यात बसत नाही असं तेव्हाच्या वकिलांचं म्हणणं पडलं. तरी मी ठेवल्या होत्या.

कलम २. सदर राहते घर मुलगी व मुलगा यांना निम्मे निम्मे. मात्र गच्चीवर पाण्याची दुसरी टाकी चढवायची नाही. मुलगी म्हणते, बांधणाऱ्याने तेवढी सोय ठेवलीच असेल. त्या बांधणाऱ्याला मी विचारलं होतं. तो म्हणाला, “अहो, घरात राहणारी माणसं कशाला दोन टाक्या ठेवतील?” म्हणजे त्याने आमच्यावर सोडलं आणि आम्ही त्याच्यावर. टाकी खालीच राहील.

कलम ३. ह्यांचा जाडी मोजायचा व्हर्नियर, पितळी कंपासपेटी आणि नकाशाचा तिरका टेबल मुलीला. ती आमचं क्रेनचं वर्कशॉप सांभाळते, तिच्या हाताला वळण आहे. मुलाला यातलं काही दिलं तर तो काचेच्या कपाटात ठेवेल आणि आलेल्यागेलेल्याला दाखवेल. माझे दागिने सुनेला. या घरात जेवताना तुळयांबद्दल न बोलणारी ती एकटी आहे. तिच्यामुळे दोन घास सुखाने खाल्ले, त्याची ही पावती.

कलम ४. वर्कशॉपच्या दाराशी, आत शिरताना डोक्याला लागेल अशा बेताने टांगलेली मोडकी लोखंडी पट्टी कोणालाही देत नाही. ती तिथेच राहील. रंग द्यायचा नाही, पुसायची नाही, पाहुणे येणार म्हणून काढून ठेवायची नाही. तिची हकीकत कोर्टालाही कळावी म्हणून इथे सांगते.

क्रेन जेवढं उचलणार, त्याहून बरंच जास्त पेलेल एवढी ताकद तिच्यात आधीच घालून ठेवायची असते. आमच्याकडे तिला ‘राखीव’ म्हणतात. पोलाद कधी आतून खराब निघतं, माणूस कधी चुकतो, ओझं कधी हिसका देतं. त्या दिवसासाठी ती ठेवायची. बाकीचे धरतात तेवढी हे धरायचे, आणि मन भरलं नाही की वर अजून थोडी. अख्ख्या बाजारात ह्यांची ख्याती होती. लोक हसायचे, “यांच्या क्रेनला हत्ती टांगा, नाहीतर हत्तीचं खानदान टांगा.” हे पण हसायचे. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

कागदाच्या गिरणीची क्रेन होती. नकाशा ह्यांचा, चोख. पट्ट्या कापायचं काम धाकट्या भावाकडे, म्हणजे माझ्या दिराकडे. सांगितलेल्या जाडीची पट्टी बाजारात मिळेना, त्याने एक नंबर बारीक घेतली; दाराशी टांगली आहे ती हीच. दादाचा हात जाड आहे, चालून जाईल, असा त्याचा विचार. गिरणीत जोडणी करताना भोकं जुळेनात, तेव्हा मिस्त्रीने काही बोल्ट तसेच सोडले. या घरचं काम दुप्पटच असतं, दोनचार बोल्टांनी काय होतंय. आणि चाचणीच्या दिवशी गिरणीच्या मॅनेजरने ठरलेल्या वजनावर कागदाची आणखी रीळं चढवली. तुमच्या क्रेनला काय धाड भरली आहे, म्हणाला. तिघंही आपापल्या जागी खुशीत होते.

नकाशावर सही करणाऱ्याने पहिल्या चाचणीत ओझ्याखाली उभं राहायचं, हा माझ्या सासऱ्यांनी पाडलेला पायंडा. हे हात मागे बांधून उभे राहिले. मी डबा घेऊन दारात होते. ओझं वर गेलं, थांबलं, आणि वरून एक कडक आवाज आला. फार मोठा नव्हता. मग ओझं खाली आलं. तो डबा मी कुठे ठेवला ते मला आजतागायत आठवलेलं नाही.

चौकशीत तिघांना वेगवेगळं बसवून विचारलं. तिघांनी एकच सांगितलं: आम्हाला वाटलं, राखीव आहेच. होती की! एकच होती. ती तिघांनी आपापली समजून वापरली आणि कोणीच कोणाला सांगितलं नाही. तिघांपैकी एकही लबाड नव्हता, पैसे खाणारा नव्हता. हे पचवायला मला फार वर्षं लागली. लबाड असते तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी नीट लागू पडल्या असत्या. ह्यांच्या काळजीनेच ह्यांचा जीव घेतला, असं मला म्हणायचं नाही. पण तिच्या भरवशावर सगळ्यांनी आपली काळजी सोडली, हे खरं.

कलम ५. माझे दीर वर्कशॉपमागच्या खोलीत राहतात. त्यांनी हयातभर तिथेच राहावे, त्यांना कोणीही हलवू नये, जेवण वेळेवर द्यावे. चौकशीनंतर ते एकदाच माझ्यासमोर येऊन बसले होते. म्हणाले, “वहिनी, दादाने धरलं असेल असं वाटलं हो.” मी उठून आत गेले. त्यानंतर त्यांनी कधी पट्टी कापली नाही आणि मी कधी त्यांना वाढलं नाही, ताट सूनच नेते. मी जाण्यापूर्वी त्यांना माफ करावं असं सुनेचं म्हणणं आहे. पोरी, देता आली असती तर दिली असती गं. माफी ह्यांनी द्यायची होती.

कलम ६. वर्कशॉप माझ्या हाती आल्यावर मी दोन गोष्टी केल्या. ओझ्याखाली उभं राहणं बंद केलं. छाती काढून उभं राहिल्याने लोखंड जाड होत नाही. आणि प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट आखली. तिचं नाव ‘मी किती खाल्लं’. पट्टी बारीक लागली, भोक हुकलं, बोल्ट कमी पडला, ज्याच्या हातून राखीव जितकी कमी झाली त्याने तिथे लिहायचं, आणि पुढच्याने ते वाचल्याशिवाय हात लावायचा नाही. लिहिणाऱ्याला कधी रागावले नाही. न लिहिणाऱ्याला हाकललं. कारागीर मागे ‘बाईंचा जेवणाचा तक्ता’ म्हणतात, मला माहीत आहे. म्हणू देत. ही चौकट माझ्यानंतरही चालू ठेवावी.

कलम ७. आता वर्कशॉप. ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते हे कलम.

माझ्या डोळ्यांच्या मधोमध डाग पडला आहे. आकड्याकडे बघितलं की आकडाच नाहीसा होतो, भोवतालचा कागद तेवढा दिसतो. मुलांना सांगितलं. मुलगा म्हणाला, चष्मा बदल. मुलगी म्हणाली, “तुला सगळे आकडे पाठ असतात गं.” उन्हाळ्यापासून मी एकाही नकाशावर सही केलेली नाही. माझ्या टेबलावर गठ्ठा वाढत गेला. मला वाटलं, काम अडेल, कोणीतरी ओरडत येईल. कोणी आलं नाही. आई करेल नंतर, म्हणून नकाशे परस्पर वर्कशॉपमध्ये जात होते.

सध्या ओतकामाच्या कारखान्याची क्रेन चालू आहे. ती वितळलेल्या लोखंडाची कढई उचलणार, आणि तिच्या वाटेखालून माणसं ये-जा करणार. त्यांची नावं आमच्यात कोणाला ठाऊक नाहीत. परवा तिच्या सांध्याच्या पट्टीचा नमुना मुलीने आणून टेबलावर ठेवला. मी तो बोटांत धरून दोनदा चाचपला. नकाशे आता मुलगा काढतो, त्याला बोलावलं.

“इतकी बारीक का रे?”

“बारीक कुठे? नेमकी आहे. उगाच लोखंड कशाला वाहायचं?”

“आणि राखीव?”

“आई, शेवटी तू बघतेसच ना. तू दरवेळी थोडी वाढवतेस, म्हणून मी आधीच तेवढी सोडतो. नाहीतर दोनदा वाढते.”

मुलीकडे वळले. “आणि तू? चौकटीत काय लिहिलंस?”

“मी काय लिहू? तो कॉम्प्युटरवर करतो, तू तपासतेस. मी मध्ये कशाला लुडबुडू?”

दोघंही हुशार आहेत, दोघंही माझी आहेत, आणि दोघंही त्या पट्टीखालून रोज डोकं वाकवून आत येतात. मी ओरडायला हवं होतं, ओरडवलं नाही. मागल्या महिन्यात मुलाने एका गिऱ्हाइकाकडे ओझ्याखाली उभं राहून फोटो काढून घेतला, बाबांसारखा म्हणून. तेव्हा मात्र घर डोक्यावर घेतलं होतं.

माझ्या पोटातही दुखणं आहे, आणि आता किती दिवस उरले ते डॉक्टरांनी सांगितलं आहे. मुलांनी माझ्या भरवशावर क्रेन बारीक केली, आणि मी तर निघाले. म्हणून पुढील अट घालते.

सदर क्रेनचा नकाशा पुन्हा काढावा, राखीव पूर्ण धरून. मुलीने प्रत्येक पट्टी स्वतः मोजावी, भाऊ मोजतो हे विसरून. त्याच पट्टीचा एक सांधा जास्तीचा बनवावा आणि मागच्या अंगणात वजन वाढवत वाढवत तो मोडेपर्यंत ओढावा. कुठे मोडला, कशाने मोडला, हे दोघांनी एकमेकांना न विचारता लिहावे. मोडका तुकडा दाराशी, जुन्या पट्टीशेजारी टांगावा. मगच क्रेन बाहेर जाईल आणि मगच वर्कशॉप दोघांचे समाईक होईल. हे न केल्यास वर्कशॉप मोडून यंत्रं एकेक विकावीत. नाव मात्र विकू नये. ज्या नावाच्या भरवशावर माणसं निर्धास्त होतात, ते मला दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही.

कलम ८. माझा फोटो वर्कशॉपमध्ये लावू नये. लावला की बघतील आणि वाटेल, आहे आपली आई बघायला. पोरांनो, यापुढे कुठलंही काम हाती घ्याल तेव्हा मी नाही असं धरून हिशेब करा. मी खरंच नसेन.

कलम ९. हे मला वाचता येत नाही, म्हणून दोन्ही साक्षीदारांनी ते पूर्ण वाचावे अशी मी अट घातली. शेजारचे दंतवैद्य म्हणाले, “वकीलबाईंनी लिहिलंय म्हणजे चोखच असणार.” मी त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांच्या खुर्चीत मी पुष्कळ वेळा निमूट बसले आहे. त्यांनी मोठ्याने वाचलं आणि सगळं ठीक आहे म्हणाले. मीही ऐकत होते, मलाही ठीकच वाटलं. समोरच्या शिकवणीच्या बाई म्हणाल्या, “डॉक्टरांनी वाचलंय ना? मग मी नुसती सही करते.” त्यांनाही बसवलं.

त्यांनी वाचलं आणि विचारलं, “सांधा मोडेपर्यंत ओढायचा, तेव्हा माणसं कुठे उभी राहणार? ते यात कुठेच नाही.”

नव्हतं. मी सांगितलं असं मी धरून चालले होते. सांगितलं असतं तर लिहिलं असतं, असं वकीलबाई म्हणतात, आणि ते खरं असावं. ती ओळ आता घालते:

कलम ७ ची पुरवणी. सांधा ओढताना त्याच्या खाली किंवा जवळ कोणीही उभे राहू नये. माझा मुलगा तर मुळीच नाही.

वरील सर्व मी सांगितले, मला दोनदा वाचून दाखवण्यात आले, पुरवणीसह मान्य आहे. वकीलबाईंनी बोट धरून जागा दाखवली तिथे दोन्ही साक्षीदारांदेखत सही करते.

सही: (करणारीची, ओळीच्या थोडी वर गेलेली)

साक्षीदार पहिले, शेजारचे दंतवैद्य: करणारीने माझ्यासमोर सही केली. मी हे वाचले. माझ्या नजरेतून एक ओळ सुटली होती, तेही इथे लिहायला मला सांगण्यात आले आहे.

सही:

साक्षीदार दुसऱ्या, समोरच्या शिकवणीच्या बाई: करणारीने माझ्यासमोर सही केली. माझ्याआधी कोणी वाचलेच नाही असे धरून मी हे वाचले.

सही:

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १७ नोव्हेंबर