तांदळात लिहिलेलं नाव

४ जानेवारी, शनिवार
पुन्हा तेच. तासभर थोर स्त्रियांवर बोललो आणि आठवीचा वर्ग जांभया देत बसला. ढोकीच्या शाळेनं निवृत्त माणसाला शनिवारचा एक तास दिलाय — मुख्याध्यापक धनाजी माझाच विद्यार्थी, त्याला नाही म्हणवलं नसेल. सावित्रीबाईंच्या अंगावर फेकलेलं शेण सांगत होतो. मागच्या बाकावरून मल्हार — "सर, हे परीक्षेला हाय का?"

घरी आलो. "कुमुद," बायकोला हाक मारली. ओ नाही. दिवाळीपासून ती माझ्या हाकेला मानसुद्धा वळवत नाही. धाराशिवचे डॉक्टर म्हणाले, कान चांगलेत, आठवण विझत चाललीय. घास पुढं केला की ओठ घट्ट मिटते. सूनबाई, शिवप्रिया, चमच्यानं पेज घालते. निम्मी पदरावर सांडते. अंगावर मांस म्हणून राहिलं नाही.

एकदा ओ दे गं. एवढंच.

५ जानेवारी
आज पूर्ण नावानं — "कुमुदिनी." खिडकीबाहेर बघत राहिली.

११ जानेवारी, शनिवार
अहिल्याबाई घेतल्या. घाट, बारवा, धर्मशाळा. वर्गातली शिवांजली एरवी तोंड उघडत नाही. आज उभी राहिली. "सर, अहिल्याबाईंचं नाव सासरी बदललं न्हाय का?"

म्हटलं, तसं वाचनात नाही.

"आन् सावित्रीबाईंचं?"

त्यांचंही नाही.

"मग बरं झालं. माझ्या पणजीचं माहेरचं नाव घरात कुणालाच म्हायती न्हाय. आबा म्हणले, काय करायचंय तुला."

मल्हार म्हणाला, "तिची पणजी काय राणी व्हती व्हय?" वर्ग खदाखदा हसला. पहिल्यांदा जागा झाला, तो असा. रागानं घरचा अभ्यास दिला — आपापल्या आजीचं माहेरचं नाव विचारून या.

येताना उसाच्या ट्रॅक्टरांमागं चालत होतो. आमच्या लग्नात परातीत तांदूळ पसरले होते. मी अंगठीनं लिहिलं — कुमुदिनी. शाळेत पाठ केलेल्या एका कवितेत तळं होतं, चांदणं होतं, आणि कुमुदिनीचं फूल होतं. काय ऐट वाटली होती! भटजी म्हणाले, वा, मास्तर शोभता. ती खाली मान घालून तांदूळ बघत होती. तिला तेव्हा वाचता येत नव्हतं.

१४ जानेवारी, संक्रांत
शेजारणी वाणाला आल्या. "काकू, नाव घ्या की." दरवर्षी तिचा उखाणा मी रचून द्यायचो, यमक जुळवून, आणि ती तो घोटून पाठ करायची. आज तिळगूळ तळहातावर तसाच. हरणाबाई म्हणाल्या, "मास्तर, आता तुमीच घ्या तिचं नाव." सगळ्या हसल्या. मीही हसलो. मग आत जाऊन बसलो.

१६ जानेवारी
पेजही नाही. पाणी दोन घोट.

१८ जानेवारी, शनिवार
निम्म्या पोरांनी नावं आणली. करिश्मा म्हणाली, "आजी आधी लाजली, मग नाव सांगून रडायलाच लागली." शिवांजलीची वही कोरी. तिची पणजी जाऊन लई वर्षं झाली, सांगणारं कुणी नाही.

मल्हारनं विचारलं, "सर, आन् तुमच्या बाईंचं?"

सांगितलं — कडूबाई. तिच्या आधीची भावंडं जगत नव्हती. दृष्ट लागू नये म्हणून असलं नाव.

"कडू!" वर्ग फुटला.

शिवांजली हसली नाही. "त्या नावानं त्यांना आता कोण हाक मारतं, सर?"

कोण मारणार? तिचं माहेर सास्तूर. आई, दोन्ही भाऊ, शेजारपाजार — त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे सगळे गेले. उरलेलं गाव नव्यानं बांधलं, पण तिला कडू म्हणणारं त्यात कुणी नव्हतं. मी तर ते नाव कधी उच्चारलंच नाही. मला ते कवितेत बसणारं वाटलं नव्हतं.

पोरीला एवढंच म्हणालो — "कुणी न्हाय."

तास तिथंच सोडला. थोर बायांवर बोलायला तोंड उरलं नाही. धनाजीला सांगितलं, पुढच्या शनिवारपासून येत नाही. तो म्हणाला, "आराम करा, सर." फार लगेच म्हणाला.

१९ जानेवारी, रविवार
सकाळी ज्वारीची भाकर दुधात कुस्करली. तिच्या पाठीमागं, दारात उभा राहिलो. जीभ रेटेना.

"कडू... ए कडू, जेवून घे."

मान वळली.

"आले गं आये," म्हणाली.

घास घेतला. आणखी एक. मी कोण, हे तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.