सोलून टाकलेली चिठ्ठी

मी, या कागदाच्या तळाशी डाव्या हाताचा अंगठा उमटवणारी बाई, वय अठ्ठ्याहत्तर (आईच्या सांगण्यावरून, तिचं मोजणंही बेताचंच होतं), धंदा बस स्थानकासमोर बॅगा आणि चेन दुरुस्त करणे, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना माझ्या पश्चात काय कोणाचं ते सांगून लिहवून घेत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या बॅगेची चेन किती महिने उघडी आहे तेही सांगितलं. दाखला लगेच मिळाला.

मला लिहिता-वाचता येत नाही. लिहिणारा वकिलांचा कारकून आहे. मी बोलेन ते सगळं उतरवायचं, मनाने गाळायचं नाही, असं ठरलं आहे. तो आत्ताच म्हणाला, "आजी, चेनचं कशाला लिहायचं?" तेही लिहिलं आहे.

१. गेल्या वर्षी केलेलं माझं मृत्युपत्र या कागदाने रद्द होत आहे. त्यात दुकान, घर, सगळं मुलाला होतं आणि नातीला काही नव्हतं. ते मी रागात केलं असं सगळे समजतात. राग माझा नव्हताच, मुलाचा होता. मी फक्त अंगठा दिला.

२. दुकानावरच्या राहत्या दोन खोल्या माझ्या मुलाला. त्याला आम्ही साहेब म्हणतो. तीस वर्षं कचेरीत दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारले, आता घरी बसून माणसांवर मारतो. सुनेला माझी आरामखुर्ची. चौदा वर्षं तिचा डोळा आहे त्या खुर्चीवर. उगाच "आई, पाठ दुखत असेल ना हिच्यात" म्हणायची. दुखत नाही.

३. बँकेतली ठेव साहेबांना आणि नातीला निम्मी-निम्मी.

४. दुकान, पायाचं शिवणयंत्र, आरी, लहान-मोठी तीन दाभणं, मेणाचा दोरा आणि चेनवर सरकणाऱ्या रनरचे सगळे डबे माझ्या नातीला. तिला आम्ही टकटक म्हणतो, कारण हाताला मिळेल त्यावर बोटं आपटत ती मोठी झाली. तिला बॅग शिवता येत नाही. तिने दुकान चालवावं की भाड्याने द्यावं, ते तिचं ती बघेल. मी मेल्यावर काउंटरमागे येऊन शिकवणार नाही.

५. काउंटरखालची डबी. ही कोणाची, काय, आणि नक्की आहे तरी का, याबद्दल माझ्या डोक्यात आजही गोंधळ आहे, म्हणून सावकाश सांगते.

लांबून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगा माझ्याकडे यायच्या आणि त्यांच्या खिशात इथले पैसे नसायचे. म्हणून टकटकने साबणाच्या वडीएवढी ही डबी आणून बसवली. प्रवासी फोन दाखवतो, डबीचा हिरवा दिवा लुकलुकतो, आणि त्याचे बिटकॉइन आपल्याकडे आले म्हणतात. कुठे आले? डबीत नाही, मी हलवून बघितली. टकटक म्हणाली, "आजी, पैसे डबीत नसतात गं, डबीत पाकीट असतं." आणि ते पाकीटही प्रोग्रामचं. जगभरची दहा-बारा माणसं मिळून ते पाकीट दुरुस्त करत असतात, त्यात ही एक. म्हणजे आजी बॅगा दुरुस्त करते आणि नात न दिसणारी पाकिटं. तिला जास्त मान आहे, मला जास्त गिऱ्हाईक.

एवढं मात्र मला समजलं: आमची डबी आणि समोरच्या लॉजवाल्यांची डबी यांचा एक सामायिक गल्ला होता. प्रत्येक व्यवहाराला दोघी नवा करार करतात, यातलं तुझं इतकं, माझं इतकं. नवा झाला की जुना बाद. कोणी बाद झालेला करार चारचौघांत मांडला तर ती लबाडी धरतात आणि सगळा गल्ला समोरच्याच्या पदरात जातो. चुकून मांडला तरी. डबीला मुद्दाम आणि चुकून यातलं अंतर कळत नाही. तशी ती साहेबांसारखीच.

६. आता जे झालं ते.

मागच्या वर्षी जानेवारीत टकटक आठवडाभर परगावी गेली होती. जाताना म्हणाली, "डबी बंद पडली तर हात लावू नका. मी येईपर्यंत तशीच राहू द्या." तिसऱ्या दिवशी ऐन दुपारी दिवा विझला. साहेब म्हणाले, "एक आठवडा धंदा बंद ठेवायचा? जुनी प्रत असेलच की कुठेतरी." आणि मला आठवलं, माझ्याकडे एक पेनड्राइव्ह आहे. टकटकने तो डबीला लावून काढला आणि पुढे कधीतरी कचऱ्याच्या टोपलीत टाकला होता, मी उचलून रनरच्या डब्यात ठेवला होता. साठ वर्षं मी टाकलेल्या वस्तूंवर पोट भरलं आहे. माझ्यासमोर कोणी काही टाकू नये.

मी तो काढून साहेबांच्या हातात दिला आणि म्हणाले, "टकटकचाच आहे." ते खरं होतं. साहेबांनी तो लावला. दिवा लागला. मी कौतुकाने मान डोलावली. डबी महिन्यापूर्वीच्या आठवणीत जागी झाली, तिने जुना करार पुढे केला, आणि तीन वर्षांचा गल्ला लॉजवाल्यांकडे गेला. त्यातून चामड्याचं मशीन घ्यायचं होतं.

कोणी चोरले नाहीत, कोणी खर्च केले नाहीत, आणि पैसे गेले. हे मला आजही कोणी समजावून सांगू शकलेलं नाही.

साहेबांनी लॉजवाल्यांना फुटपाथवर चोर म्हटलं. ते रक्कम परत करायला निघाले होते, त्यांनी पाऊल मागे घेतलं. मग टकटक आली. साहेब म्हणाले, "तुझं पाकीटच फाटकं! बाद झालेली प्रत घरात ठेवतेस, आणि तिच्यावर साधं लिहितसुद्धा नाहीस?"

ती म्हणाली, "लिहिलं होतं बाबा! लाल पेनाने लिहून चिठ्ठी चिकटवली होती."

"कुठाय चिठ्ठी? दाखव."

तिने पेनड्राइव्ह उलटसुलट करून बघितला. चिठ्ठी नव्हती. मग माझ्याकडे वळली. "आजी, तुझ्याकडे होता ना हा? काय लिहिलं होतं त्यावर?"

मी म्हणाले, "मला मेलीला कुठं वाचता येतं?"

हेही खरंच होतं. आयुष्यात मी यापेक्षा वाईट खरं बोललेली नाही.

७. चिठ्ठी होती. मीच सोलली. मला वाटलं, किमतीची असेल. दुकानात आलेल्या प्रत्येक वस्तूवरची चिठ्ठी मी नखाने सोलते, कारण डिंकाला दोरा चिकटतो.

(इथे कारकुनाने लिहिणं थांबवलं. मी म्हणाले, "थांबलास का? लिही." साक्षीला बसलेले लॉजवाले म्हणाले, "मावशी, म्हणजे ती पोरगी..." मी त्यांना म्हटलं, तुमचं काम सही करायचं आहे, तोंड उघडायचं नाही.)

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीची किंमत नातीने भरली. ती छापखान्यावरच्या खोलीत राहायला गेली. साहेबांशी बोलत नाही. आणि मला जे बघवत नाही ते हे: ती आता स्वतःवरच विश्वास ठेवत नाही. कुलूप लावते, परत येऊन ओढून बघते, परत येते. मध्यंतरी मला हळूच म्हणाली, "आजी, लिहिलं नसेलच गं मी. मला नुसतं वाटत असेल."

तेव्हा मी चेन ओवत होते. ओवतच राहिले.

८. तरी तिने पाकीट दुरुस्त केलं. मागच्या महिन्यात भर दुपारी आली, साहेब नाहीत बघून डबीत नवा प्रोग्राम घातला. मला म्हणाली, आता ही जागी झाली की आधी काही बोलणार नाही. समोरच्या डबीला विचारणार, आपलं शेवटचं काय ठरलं होतं? आपल्याकडचं जुनं निघालं तर गप्प बसणार. मी म्हटलं, "असलं पाकीट तुझ्या बापाला बसतं का बघ." ती हसली. तेरा महिन्यांत पहिल्यांदा.

डबी आणि तिच्यातलं जे काय असेल ते टकटकला. लॉजवाले म्हणतात, ती रक्कम त्यांनी बाजूला ठेवली आहे. साहेबांनी फुटपाथवरच माफी मागावी, म्हणजे ती सुटेल. सुटली की तीही टकटकला.

९. कलम एकमधला रद्द कागद साहेबांच्या कपाटात आहे. माझ्या पश्चात जो कोणी तो खरा म्हणून पुढे करेल, त्याचा या कागदातला वाटा समोरच्याला जाईल. कारकून म्हणतो, "हे कोर्टात टिकेल का, वकिलांना विचारावं लागेल." विचार. डबीत टिकतं, कोर्टात का टिकू नये?

१०. एवढं लिहून झाल्यावर कारकुनाने पहिल्यापासून वाचून दाखवलं आणि पाकिटाला लाख लावायला घेतली. मी त्याचा हात धरला. मी मेल्यावर हे उघडणार, तेव्हा टकटक हे ऐकणार, आणि तोपर्यंत ती कुलूप ओढत बसणार? मग मीही बाद प्रतच मागे ठेवून जाते आहे. काय करावं मला नीट सुचत नाही. कायद्याचं मृत्युपत्र जिवंतपणी वाचतात का तेही माहीत नाही. पण लाख लावायची नाही. लॉजवाल्यांनी टकटकला फोन लावला आहे, ती निघाली आहे. साहेबांनाही वरून खाली बोलावलं आहे. दोघांसमोर कलम सात वाचायचं. कारकुनाचा आवाज बसला तर मी तोंडपाठ सांगेन.

आणि हे सर्वांत शेवटी लिही, ठळक. मला वाचता येत नाही, पण रंग कळतो. टकटक, चिठ्ठीवर दोन ओळी होत्या, खाली एक रेघ होती, आणि अक्षरं लाल होती.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे.

निशाणी : डाव्या हाताचा अंगठा (शाई जास्त लागली, पुसू नये)

साक्षीदार : १. समोरच्या लॉजचे मालक (सही)
२. दाखला देणारे डॉक्टर (सही, बॅग दुरुस्तीला ठेवून गेले)

लेखनिक : वकिलांचा कारकून

स्थळ : दुकान, शिवणयंत्राशेजारी
दिनांक : १९ मार्च २०२४, मंगळवार, दुपारी सव्वातीन. टकटक पायरीवर आहे.